स्टिअरिंग काढायचंय? आधी मध्य पकडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. एअरबॅगचा दिवा सतत लागलेला राहतो आणि स्टिअरिंगवरची बटणं बंद पडली आहेत. क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंग फिरत असतानाही हॉर्न, बटणं आणि एअरबॅगचा वीजजोड टिकवणारी तारांची गुंडाळी) गेल्याचं निदान झालंय, नवी आणून ठेवलीत. आता स्टिअरिंग स्वतः काढून परत बसवता येईल का, आणि ओळखीतल्या एकाचं जसं वाकडं बसलं तसं आपलं होऊ नये म्हणून काय करायचं?

येईल. हाताला पान्या-पकडीची सवय असेल आणि तुमच्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल समोर असेल, तर निवांत अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यात नट सोडायला पाच मिनिटंही लागत नाहीत. बाकीचा वेळ दोन गोष्टींत जातो: एअरबॅग नीट बाजूला करणं आणि मध्य सांभाळणं. एअरबॅगला लोक निदान घाबरतात तरी. मध्याकडे मात्र बहुतेकांचं लक्षच नसतं, आणि नंतरची जवळजवळ सगळी दुखणी तिथूनच सुरू होतात.

गाडीत मध्य एक नसतो. पुढची चाकं रस्त्यावर सरळ असतात, तो एक. रॅक, म्हणजे स्टिअरिंगच्या फिरण्याने सरकून पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा, डावीकडे आणि उजवीकडे सारखाच सरकू शकेल अशा जागी असतो, तो दुसरा. क्लॉक स्प्रिंगच्या आतली पट्टी दोन्ही बाजूंना सारखीच उलगडू शकेल, तो तिसरा. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरू लागलेली गाडी ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य अंश, तो चौथा. गाडी कारखान्यातून निघते तेव्हा हे चारही जुळलेले असतात, आणि आपल्याला दिसणारं स्टिअरिंग ही त्या जुळणीची वरची खूण असते. स्टिअरिंग सरळ दिसतंय म्हणून खालचे चारही जुळले आहेत असं धरून चालत नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

पण आधी निदान पक्कं करा, कारण नुसता हॉर्न गेला असेल तर दोष फ्यूजमध्ये, रिलेमध्ये किंवा खुद्द हॉर्नमध्येही असू शकतो आणि तेवढ्यासाठी एअरबॅगला हात लावण्याचं कारण नाही. तुमच्या गाडीत तीन गोष्टी एकदम बिघडल्या आहेत: हॉर्न, बटणं आणि ड्रायव्हरची एअरबॅग. या तिन्हींच्या तारा जिथून एकत्र जातात ती जागा क्लॉक स्प्रिंगच, त्यामुळे निदान बरोबर वाटतं. खात्रीसाठी गाडी उभी असताना इंजिन चालू करून स्टिअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि फिरवताना हॉर्न दाबत राहा. ठराविक जागी वाजतो आणि ठराविक जागी बंद पडतो, असं दिसलं तर शंका उरत नाही. पट्टी तुटलेली असेल तर आतून कागद खसखसल्यासारखा आवाजही पुष्कळदा येतो. स्कॅनर (गाडीच्या संगणकात साठलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) असेल तर कोड वाचा; ड्रायव्हर एअरबॅगच्या सर्किटमध्ये रोध जास्त किंवा सर्किट तुटलेलं, अशा अर्थाचा कोड मिळायला हवा.

या टप्प्यावर एक मोह होतो: मल्टीमीटर घेऊन एअरबॅगच्या दोन पिनांमधला रोध मोजायचा. ते कधीही करू नका. आतल्या स्क्विबचा, म्हणजे एअरबॅग पेटवणाऱ्या भागाचा, रोध साधारण २ ओहम असतो आणि साध्या मीटरने मोजताना त्यातून जाणारा प्रवाहसुद्धा एअरबॅग उडवायला कारण ठरू शकतो. टेस्ट लॅम्प तर त्याहून वाईट. एअरबॅगचं सर्किट तपासायचं काम गाडीच्या स्वतःच्या कंट्रोल युनिटवर सोडा. ते अगदी क्षीण प्रवाहाने हेच सतत तपासत असतं आणि दिवा त्याच्याच सांगण्यावरून लागतो.

तुमच्या गाडीचा चॅसी नंबर टाकून एअरबॅगचा रिकॉल बाकी आहे का तेही पाहा. ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमुळे (एअरबॅग फुगवणारा वायू तयार करणारा धातूचा डबा) जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यातलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून असं बिघडतं की उडताना धातूचा डबाच फुटतो आणि त्याचे तुकडे ड्रायव्हरच्या अंगावर येतात. कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण ते इन्फ्लेटर असलेल्या सगळ्याच गाड्या दुरुस्त झालेल्या नाहीत. तुमची गाडी त्या यादीत असेल तर स्टिअरिंगला हात लावू नका. एअरबॅग अधिकृत ठिकाणी बदलून घ्या आणि क्लॉक स्प्रिंगही त्याच वेळी बसवून घ्या.

नव्या भागाचा पार्ट नंबर जुन्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. एकाच मॉडेलमध्ये क्रूझ कंट्रोल असलेल्या आणि नसलेल्या, एका टप्प्यात आणि दोन टप्प्यांत फुगणाऱ्या एअरबॅगच्या क्लॉक स्प्रिंग वेगळ्या असतात. बाहेरून त्या इतक्या सारख्या दिसतात की फरक सगळं उघडल्यावरच कळतो.

आता काम. सुरुवात गाडी चालवण्यापासून करा. सपाट, सरळ रस्त्यावर हात हलके ठेवून थोडं अंतर चालवा आणि गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग नेमकं कसं आहे ते पाहा. ते आधीच थोडं कललेलं असेल, तर तो कल लक्षात ठेवा. गाडी त्याच अवस्थेत उभी करून फोटो काढा. आधीपासून असलेला कल स्टिअरिंग परत बसवताना ‘जाता जाता’ सरळ करायचा नसतो. का, ते पुढे येईलच. गाडी सरळ चालवत आणून, स्टिअरिंग न फिरवता थांबवा आणि काम संपेपर्यंत पुढची चाकं हलू देऊ नका.

रेडिओला कोड लागत असेल तर लिहून ठेवा. बॅटरी डिकीत असेल आणि डिकीचं कुलूप विजेवर चालत असेल, तर बॅटरी सोडल्यावर डिकी चुकूनही बंद करू नका. मग ती उघडायची कशी याचाच उद्योग होऊन बसतो. सीट पूर्ण मागे घ्या, स्टिअरिंग कॉलम पुढे-मागे होत असेल तर आपल्याकडे ओढून घ्या. आता इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि ती परत टर्मिनलला टेकणार नाही अशी बाजूला बांधून ठेवा.

मग थांबा. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो. अपघातात बॅटरीच तुटली तरी एअरबॅग उडावी म्हणून तो वीज साठवून ठेवतो. ती साठवण ओसरायला किती वेळ द्यायचा हे कंपनीगणिक वेगळं आहे: टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये पुष्कळदा ९० सेकंद असतात, होंडाच्या मॅन्युअलमध्ये ३ मिनिटं, काही कंपन्या १० मिनिटं किंवा त्याहून जास्त सांगतात. मी सरसकट पंधरा मिनिटं सोडतो, आणि मॅन्युअलमध्ये त्याहून जास्त असेल तर तितकी. रेडिओची सेटिंग जाऊ नयेत म्हणून दुसरीकडून वीज देत राहणारं मेमरी सेव्हर मिळतं, ते या कामात वापरायचं नाही. आपण ज्यासाठी बॅटरी सोडली तेच त्याने फुकट जातं.

एअरबॅग काढण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. एअरबॅग स्टिअरिंगला धरून ठेवण्याच्या दोन पद्धती सर्रास दिसतात. जुन्यांत स्टिअरिंगच्या मागून दोन बोल्ट असतात, बहुधा टॉर्क्स टी-३० (चांदणीच्या आकाराची खाच असलेले). त्यांवर प्लॅस्टिकची छोटी झाकणं असतात. काही गाड्यांत बोल्टपर्यंत पोचायला स्टिअरिंग पाव फेरी फिरवावं लागतं. ते फिरवून झालं की लगेच परत सरळ आणा. या बोल्टना पूर्ण बाहेर काढायची गरज नसते, सैल झाले की ते आपल्याच घरात अडकून राहतात. दुसऱ्या पद्धतीत बोल्ट नसतातच. मागच्या किंवा खालच्या बाजूला भोकं असतात, त्यात बोथट सळई घालून आतली स्प्रिंगची तार ढकलली की एअरबॅग टक् आवाज करत पुढे येते. भोक कोणत्या कोनात आहे आणि तार कोणत्या दिशेला ढकलायची हे मॅन्युअलमधल्या चित्राशिवाय अंदाजाने शोधू नका. जोर लावून स्क्रू ड्रायव्हरने उचकटलेल्या एअरबॅगची झाकणं तुटलेली मी खूप पाहिली आहेत.

एअरबॅग सुटली की झटक्यात ओढू नका, मागे तारा आहेत. कनेक्टर बहुधा पिवळे असतात आणि त्यांना दुहेरी लॉक असतं. मधली छोटी पट्टी बारीक स्क्रू ड्रायव्हरने आधी वर उचलायची, मग कनेक्टर सरळ बाहेर येतो. दोन टप्प्यांच्या एअरबॅगला असे दोन कनेक्टर असतात. कनेक्टर सुटल्यावर बऱ्याच रचनांमध्ये आतली एक पत्ती दोन्ही पिना आपोआप एकमेकींना जोडते, म्हणजे भटका प्रवाह स्क्विबमधून जात नाही. म्हणून त्या पिनांमध्ये काहीही खुपसायचं नाही. हॉर्नची तार वेगळी असेल तर तीही सोडा.

काढलेली एअरबॅग उचलून नेताना तिचं झाकण आपल्या अंगापासून बाहेरच्या दिशेला ठेवा, आणि खाली ठेवताना झाकण वर. वर काहीही ठेवायचं नाही. उलटी ठेवली आणि काही कारणाने उडाली, तर ती सगळी वस्तूच छताकडे जाते. फुगायला हिला सेकंदाच्या तिसाव्या भागाएवढाच काय तो वेळ लागतो, तेव्हा ‘काही झालं तर बाजूला होईन’ हा हिशेब इथे उपयोगाचा नाही. दुसऱ्या खोलीत, उन्हापासून आणि मुलांपासून लांब ठेवून या. आणि एअरबॅग सुटलेली असताना बॅटरी जोडून इग्निशन चालू करून बघायचं नाही. नवा फॉल्ट कोड साठून बसतो आणि तो पुसायला पुन्हा स्कॅनर शोधावा लागतो.

आता मधला नट किंवा बोल्ट समोर दिसेल. सोडण्याआधी खूण करा: शाफ्टच्या (स्टिअरिंग ज्यावर बसतं त्या दांड्याच्या) टोकावर आणि स्टिअरिंगच्या हबवर (मधल्या धातूच्या भागावर) एकाच रेषेत रंगाचा बारीक ठिपका. खूण आधीपासून असली तरी आपली वेगळी करा. शाफ्टवर जे दाते असतात त्यांना काही गाड्यांत एक दाता वेगळा किंवा गाळलेला असतो. तिथे स्टिअरिंग एकाच जागी बसतं आणि चुकायची सोयच नसते. पण तो नसेल तर ते कोणत्याही दात्यावर बसू शकतं.

इथे छोटासा हिशेब उपयोगी पडतो. शाफ्टवर ३६ दाते असतील तर एक दाता म्हणजे १० अंश. दहा अंश म्हणजे डोळ्याला ठसठशीत दिसणारा कल. म्हणजे स्टिअरिंग तीन-चार अंश वाकडं दिसत असेल तर ते दाता चुकल्यामुळे वाकडं असूच शकत नाही. तुमच्या ओळखीच्या माणसाची गाडी यात कुठे बसते ते एकदा पाहा. कदाचित स्टिअरिंग काढणाऱ्याची त्यात चूकच नसेल.

नट सोडताना स्टिअरिंग एका हाताने किंवा मदतनिसाकडून घट्ट धरा आणि गोटीला (सॉकेटला) लांब दांडा लावा. स्टिअरिंग लॉकच्या जोरावर नट सोडायचा नाही. लॉकचा खिळा चोराला अडवण्यापुरता असतो, लांब दांड्याचा जोर त्याने सोसावा ही अपेक्षा चुकीची. इम्पॅक्ट गनही इथे नको. नट सैल झाला की पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर राहू द्या. नंतर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, आलटून पालटून डावी-उजवी बाजू आपल्याकडे हलवा. दात्यांवरून ते अचानक सुटतं, आणि नट जागेवर नसेल तर थेट तोंडावर येतं. सुटल्यावर नट काढा आणि तारा हबच्या भोकातून हळूच ओवून घेत स्टिअरिंग बाहेर घ्या.

नाहीच सुटलं तर पुलर, म्हणजे स्टिअरिंग खेचून काढायचं हत्यार. हबवर पुलरच्या बोल्टसाठी आटे पाडलेली दोन भोकं बऱ्याचदा दिली असतात. बोल्ट हबच्या जाडीपुरतेच आत जाऊ द्या. लांब बोल्ट मागून बाहेर येऊन क्लॉक स्प्रिंगमध्ये घुसतात आणि मग जुनी काय, नवी काय, दोन्ही सारखीच. तुमची तर बदलायचीच आहे, पण स्विचसाठी किंवा लॉकसाठी स्टिअरिंग काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. गंज असेल तर गंज सोडवणारं तेल ब्रशने थेंबभर लावा. फवारा मारला की ते क्लॉक स्प्रिंगमध्ये आणि स्विचमध्ये उतरतं.

हातोड्याचं मात्र नाव काढू नका. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारून स्टिअरिंग सोडवणारे अजूनही आहेत, आणि कॉलममध्ये काहीच नसतं त्या काळात ते खपूनही गेलं. धडकेत दबून ड्रायव्हरची छाती वाचवणारे कॉलम जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलपासून मोठ्या प्रमाणावर आणले आणि नंतर सगळीकडे तेच आले. त्यांच्या अनेक रचनांत ठराविक जोराला तुटतील अशा प्लॅस्टिकच्या पिना असतात. हातोड्याच्या घावाने त्या तुटल्या की कॉलम ढिला होतो, आणि ज्या दिवशी त्याने दबायला हवं त्या दिवशी तो कसा वागेल याची खात्री राहत नाही. कॉलमवर इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा टॉर्क सेन्सरही त्याच दांड्यावर बसलेला असतो.

आता या कामाचा गाभा, क्लॉक स्प्रिंग. आत चपट्या तारांची लांब पट्टी घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. तिचं एक टोक कॉलमला स्थिर आणि दुसरं स्टिअरिंगबरोबर फिरणारं. स्टिअरिंग फिरतं तशी ती एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल होत जाते. सर्वसाधारण मोटारीत ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ५ फेऱ्या फिरू शकते, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे अडीच. खुद्द स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ३ फेऱ्या घेतं, म्हणजे मध्यापासून दीड. दोन्ही बाजूंना फेरीभर शिल्लक राहते.

आता समजा बसवताना ती मध्यापासून दोन फेऱ्यांनी चुकली. एका बाजूला अर्धीच फेरी उरली. पहिल्याच वळणावर पट्टी ताणून तुटणार. एकच फेरी चुकली तर प्रकरण जास्त फसवं आहे: रोजच्या चालवण्यात काहीच जाणवत नाही, पण गाडी लावताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पट्टी शेवटच्या टोकाला जाऊन ताण खाते. अशी ती काही आठवड्यांनी जाते आणि मग ‘नवी क्लॉक स्प्रिंगच खराब निघाली’ असं म्हटलं जातं. दिसायला स्टिअरिंग दोन्ही वेळा अगदी सरळ असतं, कारण एक किंवा दोन पूर्ण फेऱ्यांच्या फरकाने स्टिअरिंगचं तोंड बदलत नाही. तिसरा मध्य चुकलेला असतो आणि तो वरून दिसत नाही.

नवी क्लॉक स्प्रिंग मध्यावरच लॉक करून येते. पिन, टेप किंवा प्लॅस्टिकची पट्टी लावलेली असते. ती स्टिअरिंग बसवायच्या क्षणापर्यंत काढू नका. जुनीच परत वापरायची असेल तर स्टिअरिंग निघाल्याबरोबर तिच्या फिरत्या भागाला आणि घराला मिळून टेप लावा. लॉक निघून ती फिरलीच असेल तर मध्य परत शोधावा लागतो. होंडाच्या अनेक गाड्यांत सांगतात की हलक्या हाताने घड्याळाच्या दिशेने अडेपर्यंत फिरवा, मग उलट सुमारे अडीच फेऱ्या, बाण वर येईपर्यंत. टोयोटात आधी घड्याळाच्या उलट दिशेने अडेपर्यंत आणि मग घड्याळाच्या दिशेने सुमारे अडीच. दोन्ही रस्ते मध्यावरच येतात. फेऱ्यांचा आकडा तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. जड गाड्यांत तो वेगळा असतो. ‘अडेपर्यंत’ म्हणजे बोटांना विरोध जाणवेपर्यंत. तिथून आणखी पिळलं की पट्टी तिथल्या तिथे तुटते.

बदलण्याचं काम सोपं आहे: कॉलमची वरची-खालची प्लॅस्टिकची आवरणं काढा, कनेक्टर सोडा, क्लिपा किंवा स्क्रू सोडून जुनी बाहेर, नवी आत. या वेळी इंडिकेटरच्या दांडीला हात लागला तर ती मधल्या स्थितीत आहे याची खात्री करा, नाहीतर स्टिअरिंग बसताना दांडी परत आणणारा कॅम मोडतो.

तुमच्या गाडीत अँगल सेन्सर क्लॉक स्प्रिंगलाच जोडलेला असण्याची बरीच शक्यता आहे. तसं असेल तर तो बदलल्यावर शून्य करून घ्यावा लागतो. काही गाड्यांत स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून किंवा थोडं अंतर सरळ चालवून हे आपोआप होतं, काहींत स्कॅनरशिवाय होत नाही. हे टाळू नका. स्टॅबिलिटी कंट्रोल सतत ताडून पाहत असतं की ड्रायव्हरने स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय. स्टिअरिंग सरळ असताना सेन्सर ‘वळलेलं आहे’ म्हणत असेल, तर ही यंत्रणा एक तर दिवा लावून बंद होते किंवा नको तिथे ब्रेक लावायला जाते.

परत बसवताना दाते आणि आटे कोरड्या फडक्याने पुसा. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर तेल-ग्रीस काही लावू नका. तेलकट आट्यांवर तोच टॉर्क (आवळण्याचा पिळ) लावला तरी नट प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. तारा हबमधून ओवा, क्लॉक स्प्रिंगचं लॉक काढा, तिच्या खुंट्या स्टिअरिंगच्या मागच्या खाचांत जातात की नाही ते पाहा, खुणा जुळवा आणि स्टिअरिंग हाताने ढकला. ते सहज आत जायला हवं. नट आवळून त्याला खेचून घ्यायचं नाही. जात नसेल तर खुंटी खाचेत नाही किंवा दाता अर्धवट आहे.

नट किंवा बोल्ट नवा वापरायला सांगितला असेल तर नवाच घ्या. टॉर्क बहुतेक मोटारींत ४० ते ५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण तुमचा आकडा मॅन्युअलमधलाच धरा, आणि टॉर्क पाना वापराच. अंदाजाने आवळणारा माणूस इथे नेहमी जास्तच आवळतो, कारण स्टिअरिंग सुटेल अशी भीती असते. त्याने आटे ताणले जातात. आवळतानाही आधार हाताचाच, लॉकचा नाही.

एअरबॅग लावण्याआधी स्टिअरिंग दोन्हीकडे अर्धी-अर्धी फेरी हलकेच फिरवून पाहा. घासणं, अडकणं काही नको. इंजिन बंद असताना जड जातं, म्हणून पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवली तर बरं.

मग एअरबॅग. कनेक्टर टक् होईपर्यंत आत, मग लॉकची पट्टी खाली. तारा त्यांच्या क्लिपांतून न्या. एअरबॅग आणि हबच्या मध्ये तार चेपली तर हॉर्न आपोआप वाजत राहतो किंवा महिन्याभराने तारेचं आवरण फाटतं. मागचे बोल्ट असतील तर त्यांचा टॉर्क लहान असतो, अनेक गाड्यांत ८ ते १० न्यूटन-मीटरच्या आसपास. क्लिपांची पद्धत असेल तर दोन्ही बाजू दाबून दोन वेगळे आवाज ऐका आणि एअरबॅग ओढून बघा.

बॅटरी जोडताना गाडीत कोणीही बसलेलं नको. नंतर दाराबाहेर उभं राहून, अंग आणि तोंड स्टिअरिंगसमोर न आणता इग्निशन चालू करा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला की सर्किट ठीक. काही गाड्यांत जुना कोड साठलेला असल्यामुळे तो विझत नाही, मग स्कॅनरने पुसावा लागतो. पुसूनही परत आला तर इग्निशन बंद, बॅटरी सोडा, पुन्हा तेवढाच वेळ थांबा आणि कनेक्टरची लॉकपट्टी पाहा. निम्म्याहून जास्त वेळा दोष तिथेच असतो. दिवा विझावा म्हणून एअरबॅगच्या जागी रोध जोडून द्यायची युक्ती बाजारात चालते, विशेषतः बाहेरचं स्पोर्ट्स स्टिअरिंग बसवताना. त्याने दिवा विझतो आणि एअरबॅगही कायमची विझते.

शेवटी रस्त्यावर. स्टिअरिंगच्या प्रत्येक स्थितीत हॉर्न वाजवा, सगळी बटणं दाबा, दोन्ही इंडिकेटर वळण संपल्यावर आपोआप परत येतात का पाहा. मग त्याच सपाट सरळ रस्त्यावर आधीचा फोटो आणि आताची स्थिती ताडून बघा. एका दात्याएवढा फरक असेल तर दाता चुकला. बॅटरी सोडण्यापासून सगळं परत. फरक काहीच नाही पण कल आधीचाच आहे, किंवा दोन-चार अंशांचा आहे, तर स्टिअरिंगला हात लावू नका. दोष खाली, टाय रॉडमध्ये (रॅक आणि चाक जोडणाऱ्या दांड्यात) आहे आणि तो व्हील अलाइनमेंटमध्ये निघतो: एका बाजूचा टाय रॉड जितका लांब केला तितकाच दुसऱ्या बाजूचा आखूड, म्हणजे चाकांमधला टो (दोन्ही चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) तोच राहून स्टिअरिंग सरळ येतं. तो कल दात्यावरून सरळ केला तर दिसायला ठीक वाटेल, पण रॅकचा, क्लॉक स्प्रिंगचा आणि सेन्सरचा मध्य जागच्या जागी राहून स्टिअरिंग तेवढं वेगळ्या जागी गेलेलं असेल. इंडिकेटर एका बाजूला लवकर आणि एका बाजूला उशिरा परत येतो, ही त्याची नेहमीची खूण.

रॅक काढायची वेळ कधी आली तर हेच सगळं खालच्या बाजूने लागू आहे. कॉलमचा खालचा जोड सुटला की स्टिअरिंग मोकळं होतं आणि कोणी सहज दोन-तीन फेऱ्या फिरवलं तर चांगली क्लॉक स्प्रिंग तुटते. जोड सोडण्याआधी स्टिअरिंग सरळ करून सीट बेल्टने आवळून बांधून ठेवा.

एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये यातलं निम्मं काम नसतंच. हॉर्नचं झाकण उचकलायचं, स्प्रिंग आणि संपर्काची पत्ती कोणत्या क्रमाने निघाली ते लक्षात ठेवायचं, खूण करायची, नट सैल करून पुलर लावायचा. तिथे गंजच मुख्य शत्रू असतो. तेल लावून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुलरला ताण देऊन स्टिअरिंग हलवत राहा. हातोडा तिथेही नको. शाफ्टच्या टोकाचे आटे पसरले तर काढलेला नट परत चढत नाही.